पीळ कुणी दिला?

हातमागाच्या प्रदर्शनांत अलीकडे लोकर पुष्कळ दिसते, आणि त्यातली बहुतेक पाहून मला राग येतो. चिठ्ठीवर ‘हातकताई’ छापलेलं असतं, धागा मात्र गिरणीत मुद्दाम जाडबारीक केलेला. ओळखायला फार कष्ट पडत नाहीत. हातानं कातलेल्या सुताचा जाडपणा कुठे येईल याचा नेम नसतो. या कापडांत तीच गाठ ठरावीक अंतरानं पुन्हा पुन्हा येते.

कुल्लूच्या शालींत मेरिनो कधीच रुळली आहे. कच्छमध्ये अॅक्रिलिकवर जुनी नक्षी उमटते आणि तिला परंपरा म्हणतात. भिंतीवर टांगायच्या झालरींचं तर सोडूनच द्या. मागदालेना अबाकानोविचनं १९६०च्या दशकात सिसलमधून माणसाला गिळून टाकतील अशी विणलेली शिल्पं उभी केली. तिचं नाव घेऊन आज जे विकलं जातं ते दिवाणखान्याचं सामान आहे. आपल्याकडे धाग्याला धागा म्हणून वागवलं ते मुंबईच्या मोनिका कोरिया यांनी. विणता विणता त्यांनी फणीच काढून टाकली. फणी गेली की ताण्याचे धागे सरळ रेषा सोडतात, वळतात, एकमेकांपासून दुरावतात. चित्र आधी ठरवून सूत त्यात कोंबायचं, ही रीत त्यांनी मोडली.

मला हे लिहायला लावलं ते याच वाटेनं पुढे गेलेल्या एका कापडानं. दख्खनी मेंढीची काळी लोकर, रंगवलेली नाही, नक्षी नाही. बाण्यात चार-चार बोटांचे पट्टे, एक उजव्या पिळाचा, दुसरा डाव्या. रंग तोच, तरी एक पट्टा उजळ आणि शेजारचा गडद दिसतो, कारण तंतूंचा कल उलटा असल्यानं त्यांवर उजेड वेगळा पडतो. काही पट्ट्यांत पीळ मुद्दाम जास्त दिलेला. ताणून धरलेलं असेतो असं कापड मागावर सपाट दिसतं. गरम पाण्यात घातलं की तो धागा पीळ सोडू पाहतो, जागा मिळत नाही म्हणून आखडतो, आणि कापडावर बारीक चुण्या उठतात. कुठे किती आखडेल हे विणणाऱ्यानं नव्हे, कातणाऱ्या हातानं ठरवलेलं असतं.

हा खरा प्रयोग. आणि त्याची पूर्वतयारी आपल्याकडे कधीपासून आहे. एकेरी कातलेली लोकर ताण्याला लावली की फणीत घासते, शेजारच्या धाग्याला चिकटते, तुटते. घोंगडी विणणाऱ्या सनगरांनी यावर चिंचोक्याची खळ वापरली. ती कुंच्यानं ताण्यावर ओढून उन्हात वाळवली की सुटे तंतू दबून बसतात आणि धागा ताठ होतो. नवं घोंगडं कडक लागतं ते यामुळेच. डिझाइन शिकवणाऱ्यांनी विद्यार्थ्यांना आधी ही खळ शिजवायला लावावी, रंगसंगतीचे तक्ते नंतर.

पण आपल्याकडे सल्ला काय मिळतो? लोकर टोचते, तर मेरिनो मिसळा. ‘मऊ’ हा एकच निकष लावला तर दख्खनी लोकर कायमची नापासच ठरणार. घोंगडं मेंढपाळाच्या पाठीवर पावसात असायचं, जमिनीवर अंथरलं जायचं. आजही बसकर, जाजम, खुर्चीचं आवरण यांना मऊपणा नको, टिकाऊपणा हवा. भरडपणा हा या लोकरीचा गुण आहे आणि तो झाकणारं प्रत्येक मिश्रण तिला बाजारातून आणखी हुसकावतं. रानात काय चाललं आहे ते पाहा. लोकरीला इतका कमी भाव येतो की कातरण्याची मजुरीही सुटत नाही, म्हणून ती टाकून दिली जाते. जतकडची माडग्याळ मेंढी मटणासाठी पसरली. तिच्या अंगावर लोकर जवळजवळ नसतेच.

काश्मीर पश्मिन्याला २००८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात हातकताई ही अट आहे. ती हवीच होती. गिरणीत तो कोवळा तंतू टिकत नाही म्हणून त्यात नायलॉन मिसळतात आणि कापड झाल्यावर आम्लात विरघळवतात. दख्खनी लोकरीसाठी असा आग्रह धरायला सरकारच कशाला हवं? आपण समीक्षक तरी कुठे धरतो? आपण रचना पाहतो, पोत वाखाणतो, विणकराचं नाव घेतो, क्वचित डिझायनरचं त्याहून मोठ्यानं. कातणाऱ्या बाईचं नाव कुणीच घेत नाही.

तिची मजुरीही चुकीच्या मापानं ठरते. वजनावर पैसे दिले की जाड, सैल सूतच हाती येणार, कारण तेच तिला परवडतं. बारीक, जादा पिळाच्या सुताला कितीतरी जास्त वेळ लागतो आणि तराजूत ते कमीच भरतं. मग हेच डिझायनर तक्रार करतात की गावात आता चांगलं सूत मिळत नाही. तिला लांबीवर आणि पिळावर मजुरी द्या. प्रदर्शन भरवणाऱ्यांनी प्रत्येक कापडाच्या चिठ्ठीवर मेंढीची जात, पीळ आणि कातणारीचं नाव छापावं. आणि ज्या कापडावर हे तीन तपशील नसतील त्याला परीक्षकांनी हातकताईच्या विभागात घेऊच नये.