वॉशिंग मशीन आणि समुद्र

इंग्रजी वाङ्मयाच्या अध्यापकास केट बुश या गायिकेचें नांव प्रथम कळतें, तें बहुधा एमिली ब्रॉन्टीमुळें. दरवर्षीं 'वुदरिंग हाइट्स' शिकवावयास घेतली कीं कोणी तरी विद्यार्थी तें गाणें काढतोच! १९७८ सालीं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, स्वतःच रचलेल्या या गीतानें तिनें ब्रिटनमधील गीतांच्या क्रमवारींत पहिलें स्थान मिळविलें. पुढेंहि तिची प्रतिभा पुष्कळदां ग्रंथांच्या आश्रयानें वावरली. १९८५ मधील 'क्लाउडबस्टिंग'ला पीटर राइखच्या आठवणींचें पुस्तक आधारभूत होतें. १९८९ च्या 'द सेन्शुअल वर्ल्ड'मागें जॉइसची मॉली ब्लूम उभी होती. अशी ही ग्रंथप्रेमी कवयित्री १९९३ नंतर बारा वर्षें नवा संग्रह न देतां राहिली, आणि २००५ च्या नोव्हेंबरांत 'एरियल' हा दोन तबकड्यांचा संग्रह घेऊन परत आली. तेव्हां ती सत्तेचाळीस वर्षांची होती. पुस्तकें बाजूस पडलीं होतीं. संग्रहांत होतें तें घर : वॉशिंग मशीन, आईचें दुधाचें भांडें, लहान मुलगा, झाडांवरचीं पांखरें.

अशा संग्रहास 'साध्या विषयांत काव्य शोधिलें' अशी शाबासकी देण्याचा प्रघात आहे. ती शाबासकी मला फार स्वस्त वाटते. विषय भव्य म्हणून कविता भव्य, असें मानणारांस आपण हंसतों; मग विषय घरगुती म्हणून कविता जिव्हाळ्याची, हें तरी कां मानावें? याच संग्रहांतील 'बर्टी' हें गीत पाहावें. १९९८ मध्यें जन्मलेल्या मुलावरील तें कौतुकगीत असून त्याला युरोपांतील प्रबोधनकालच्या संगीताचा गोड साज चढविलेला आहे. प्रेम खरें आहे, स्वर निर्मळ आहे; पण त्यांत मुलगा कोठेंच दिसत नाहीं, दिसतें तें केवळ आईचें हरखलेलें मन. ऐकणारा सौजन्यानें मान डोलावतो आणि पुढें जातो.

याच्या उलट 'मिसेस बार्टोलोझी'. नुसता पियानो आणि आवाज. एका पावसाळी दिवशीं कांहीं माणसें चिखलाच्या पायांनीं घरभर फिरून गेलेलीं आहेत. कोण व कां, हें गीत सांगत नाहीं. बाई तासन्‌तास घर घासून काढते, मग कपडे नव्या वॉशिंग मशीनमध्यें टाकते आणि तें फिरणें पाहात राहते. तिचा ब्लाउज त्याच्या पँटीला विळखा घालतो. पाहतां पाहतां पाणी समुद्राचें होतें, ती लाटांत उभी असते, पायांमधून मासे जातात. पुढें वाळत घातलेला सदरा वाऱ्यानें हात हलवितो, आणि क्षणभर तो माणूसच बाहेर उभा आहे असा तिला भास होतो. तो गेला आहे काय? मेला आहे काय? गीत तेथें गप्प बसतें, आणि कोणाला त्यांत विधवा दिसते तर कोणाला खून!

मधल्या भागांत यंत्राच्या खळखळाटाचें बालिश शब्दांनीं केलेलें अनुकरण आहे. त्यावर पुष्कळ लोक हंसले. मीहि प्रथम हंसलों होतों. माझें मत पालटलें तें आपल्या जात्यावरच्या ओव्यांचा विचार करतांना. दळणारी बाई श्रम करतां करतां गाते. ओवीची लय मनगटांतून येते, आणि जातें थांबलें कीं ओवीहि थांबते. येथें श्रम यंत्रानें घेतले आहेत. बाईचे हात रिकामे आहेत, उरली आहे ती नजर. प्रारंभीं ती फरशी घासते खरी, परंतु गाणें खऱ्या अर्थानें सुरू होतें तें ती थांबून पाहूं लागल्यावर. तो बालिश शब्द म्हणजे जात्याच्या घरघरीच्या जागीं आलेला आवाज आहे. फरक एवढाच, कीं तो तिच्या हातचा नाहीं. म्हणूनच त्या गाण्यांत इतकें एकटेपण आहे. ओवींत सासर, माहेर, भाऊ, विठ्ठल सारे येऊन बसतात. या बाईपाशीं दोन माणसांचे कपडे आहेत.

'अ कोरल रूम'मध्यें प्रथम एक बुडालेलें, जाळ्यांनीं झांकलेलें नगर येतें. तें मला थोडें पुस्तकी वाटतें. मग एकाएकीं आईचें लहानसें तपकिरी दुधाचें भांडें येतें. स्वयंपाकघरांत ती हंसत उभी आहे, मुलें मागच्या दारानें आंत येत आहेत, आणि भांडें पडतें. कवयित्रीची आई १९९२ मध्यें वारली होती. शोकाचा शब्द जवळ जवळ नाहींच, आणि तो असावा असें वाटतहि नाहीं.

दुसरी तबकडी एकाच दिवसाची आहे : दुपार, सूर्यास्त, रात्र, पहांट. तींत आपल्या कस्तुराच्या कुळांतील ब्लॅकबर्ड गातो. मुखपृष्ठावरील खडकांची रांगहि त्याच्याच गाण्याच्या ध्वनिलहरींची आकृति आहे. एक चित्रकार चित्र रंगवीत असतो, पाऊस येतो, रंग ओघळतात आणि त्या बिघाडांतूनच सूर्यास्त होतो. ही कल्पना सुंदर आहे. मात्र रात्रीचा भाग मला लांबलेला वाटतो. २०१४ मध्यें लंडनच्या बावीस प्रयोगांत ही तबकडी तिनें रंगमंचावर आणली.

या चित्रकारासाठीं मूळ मुद्रणांत दुसऱ्या एका गायकाचा आवाज होता. २०१८ च्या नव्या आवृत्तींत तो काढून बर्टीचा आवाज घातलेला आहे. तबकडीच्या आरंभीं पांखरांबद्दल आईबापांशीं बोलणारें मूलहि तोच. त्यामुळें आतां ऐकावयास बसलें म्हणजे सुरुवातीस सात वर्षांच्या आंतला मुलगा बोलतो, आणि थोड्याच मिनिटांनीं वीस वर्षांचा तरुण रंगांविषयीं बोलूं लागतो.