साहित्याची खातेफोड

बँकेत वीस-बावीस वर्षं काढलेल्या माणसाला एक खोड जडते. समोर काहीही आलं तरी ते कुठल्या खात्यात टाकायचं हा प्रश्न त्याला आधी पडतो. ते काय आहे हा प्रश्न नंतर, आणि तोही वेळ उरला तर. घरी पाहुणे आले की मी स्वयंपाकघरात जाऊन सौभाग्यवतींना हळूच विचारतो, "चालू खातं की मुदत ठेव?" म्हणजे चहा घेऊन उठणारे आहेत की बॅग घेऊन आले आहेत. ती नुसती डब्यातली साखर किती उरली आहे ते दाखवते.

या खोडीमुळेच मी साहित्यात शिरलो. आमच्या भागातल्या एका साहित्य संस्थेने (नाव सांगत नाही, तिचं खातं आमच्याच शाखेत आहे) जिल्ह्यापुरतं एक संमेलन भरवायचं ठरवलं आणि कोषाध्यक्ष म्हणून मला धरलं. मी म्हटलं, "अहो, मी बी. कॉम. माणूस. साहित्याशी माझा संबंध एकदाच आला, तोही बिल्ला लावण्यापुरता." ते खरंच होतं. १९९७ साली नगरला सत्तरावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, ना. सं. इनामदार अध्यक्ष होते, तेव्हा आम्ही कॉलेजातली पोरं छातीला बिल्ले लावून मांडवात फिरलो होतो. आदल्या वर्षीचं संमेलन आळंदीला झालं होतं. माउली नेवाशाहून पुढे आळंदीला गेली; संमेलन आळंदीहून नेवाशाच्या जिल्ह्यात आलं. या उलट्या प्रवासात काही अर्थ असावा असं मला तेव्हा वाटलं होतं. पण भोजनाच्या कुपनांचा घोळ एवढा मोठा होता की तो अर्थ शोधायचा राहूनच गेला.

"तेवढा अनुभव पुष्कळ आहे," सेक्रेटरी म्हणाले. "आणि कार्यक्रमाची विभागणीही तुम्हीच करा. तुम्हाला खाती पाडायची सवय आहे."

आमचा जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सगळ्यात मोठा. १७,०४८ चौरस किलोमीटर आणि चौदा तालुके. पश्चिमेला अकोल्याच्या डोंगरात कळसूबाई आहे आणि तिथे पाऊस थांबायचं नाव घेत नाही. दक्षिणेला जामखेड-कर्जतकडे तो यायचं नाव घेत नाही. जिल्ह्याची उत्तर-दक्षिण वाटणी करा, ही मागणी मी शाळेत असल्यापासून ऐकतो आहे. वाटणीला सगळे तयार असतात. मुख्यालय कुठे, असं विचारलं की संगमनेर, श्रीरामपूर आणि शिर्डी एकमेकांकडे बघतात आणि जिल्हा पुन्हा एकसंध होतो. २०२४ साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. सीमा होत्या तिथेच राहिल्या.

तेव्हा मी पहिल्या बैठकीत फळ्यावर 'उत्तर विभाग' आणि 'दक्षिण विभाग' असे दोन रकाने आखले मात्र, पहिलं भांडण राहुरीवरून पेटलं. राहुरीकर म्हणाले, आम्हाला मुळेचं पाणी, आमच्याकडे ऊस, आम्ही उत्तरेतले. दुसऱ्या बाजूने उत्तर आलं की लोकसभेच्या हिशेबाने राहुरी दक्षिणेत आणि नेवासे शिर्डीबरोबर. म्हणजे कवी उत्तरेत आणि त्याचं मत दक्षिणेत! एक गृहस्थ म्हणाले की ताहाराबादचे महिपती हे राहुरी तालुक्यातले, त्यांनी भक्तविजय लिहिताना सगळ्या मुलखातले संत एका ग्रंथात बसवले, त्यांना असे रकाने लागले नाहीत. या मुद्द्यावर कोणालाच उत्तर सुचेना, म्हणून चहा मागवण्यात आला.

मग मी अभ्यास केला. बँकेत नवीन काही करायचं झालं की आम्ही मुख्य कचेरीचं जुनं परिपत्रक काढून बघतो. इथेही थोरामोठ्यांनी काय केलं ते पाहिलं. १८७८ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यात ग्रंथकारांची सभा भरली, तेव्हा विभाग वगैरे काही नव्हतं. पुढे १९०६ साली पुण्यात महाराष्ट्र साहित्य परिषद झाली, १९२३ साली विदर्भ साहित्य संघ झाला, १९३५ साली मुंबई मराठी साहित्य संघ. मराठवाड्याची परिषद निजामी अमलातच उभी राहिली होती. १९६१ साली या चौघांनी मिळून महामंडळ काढलं. १९६५ पासून संमेलन ते भरवू लागलं आणि त्याची कचेरी दर तीन वर्षांनी चौघांकडे आळीपाळीने फिरू लागली. ही योजना वाचून मला गहिवरून आलं. चार भाऊ, एक आई, आणि तिने तीन-तीन वर्षं एकेकाकडे राहायचं! असं आपल्याकडे घरोघर चालतं आणि घरोघर त्यावर जे बोललं जातं, तेच साहित्यातही बोललं जातं.

गंमत सोडून सांगतो, ही प्रादेशिक वाटणी मला चुकीची वाटत नाही. ती नसती तर मराठी साहित्याचं मुख्यालय, शाखा कार्यालय आणि उपाहारगृह ही तिन्ही पुण्यातल्या एकाच पेठेत राहिली असती. नागपूरच्या माणसाला नागपुरात बसून आपलं म्हणता येईल असं घर हवंच. माझी तक्रार वेगळी आहे. वाटणी झाली ती मतांची. संमेलनाध्यक्षाच्या निवडणुकीत कुठल्या संस्थेची किती मतं याचा कोष्टकवार हिशेब असे, मतदार सगळे मिळून हजाराच्या आसपास, आणि उमेदवार गावोगाव भेटी देत हिंडत. आमच्या सोसायटीच्या निवडणुकीलाही याहून जास्त लोक मत देतात. २०१८ साली महामंडळाने ती पद्धत मोडली आणि पुढच्या यवतमाळच्या संमेलनाला अरुणा ढेरे निवडणुकीशिवाय अध्यक्ष झाल्या, हे चांगलंच झालं. एवढं मात्र म्हणावंसं वाटतं, की प्रदेशाप्रदेशाची भाषा, ओवी, शिवी आणि म्हणी यांची मोजदाद कधी मतांइतक्या काटेकोरपणे झाली नाही.

विषयवार विभागांची गोष्ट आणखी निराळी. ते कोणी फळ्यावर आखले नाहीत. १८८५ च्या ग्रंथकार सभेला जोतीराव फुल्यांनी पत्र पाठवून आपण येत नाही असं कळवलं, आणि का येत नाही तेही रोखठोक कळवलं. ते पत्र 'ज्ञानोदया'त छापून आलं. तो 'ज्ञानोदय' १८४२ साली निघाला तो आमच्या नगरातच, हे सांगितल्याशिवाय नगरकराला पुढे जाववत नाही. मग १९५८ साली मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं आणि अण्णा भाऊ साठ्यांनी त्याचं उद्घाटन केलं. पुढे ग्रामीण, बालकुमार, मुस्लिम मराठी, १९९९ साली धारावीत विद्रोही, २००९ साली तर थेट अमेरिकेत विश्व साहित्य संमेलन. ज्यांना मोठ्या मांडवात जागा मिळाली नाही त्यांनी आपले मांडव घातले. आपण होऊन बांधलेलं वेगळं घर ही एक गोष्ट आणि दुसऱ्याने दाखवलेली ओसरी ही दुसरी. गोची तिथे होते. घर बांधून झालं की मोठ्या मांडवातले लोक मोठ्या प्रेमाने म्हणू लागतात, "तुमचं तिकडे आहे की!"

हे तत्त्वज्ञान मला बैठकीत मांडता आलं नाही. मी आपला प्रवेशअर्ज तयार केला. रकाने तीन: नाव, तालुका, साहित्यप्रकार. नमुन्यादाखल मी आमच्या जिल्ह्यातली मोठी नावं त्यात भरून पाहिली.

पहिला अर्ज ज्ञानेश्वरांचा. तालुका? मूळ गाव आपेगाव, पैठणजवळ, म्हणजे मराठवाडा. ग्रंथ सांगितला शके १२१२ मध्ये नेवाशाला, म्हणजे नगर, म्हणजे पुण्याची परिषद. समाधी आळंदीला. कायमचा पत्ता आणि पत्रव्यवहाराचा पत्ता जुळत नाही; के.वाय.सी.त अर्ज परत. साहित्यप्रकार? कविता म्हणावी तर टीका आहे, टीका म्हणावी तर अनुवाद म्हणणारेही भेटतील, आणि अध्यात्म विभागात टाकावं तर कवी लोक रागावतील.

दुसरे संगमनेरचे शाहीर अनंतफंदी. हे आधी तमाशात होते. अहिल्याबाई होळकरांच्या सांगण्यावरून त्यांनी तमाशा सोडून कीर्तन धरलं, अशी आख्यायिका आहे. अहिल्याबाई जन्माने आमच्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. म्हणजे आमच्या दक्षिण विभागाने उत्तर विभागाचा एक माणूस लोककलेतून उचलून भक्तिसाहित्यात वर्ग केला. हे खातं वर्ग करण्याचं जिल्ह्यातलं पहिलं प्रकरण असावं, अर्जाविना झालं.

तिसरे दया पवार. गाव धामणगाव, तालुका अकोले. 'बलुतं' १९७८ सालचं. अर्धं पुस्तक मुंबईच्या कावाखान्यात. तालुका अकोले लिहू की मुंबई? प्रकार दलित लिहू, आत्मकथन लिहू, ग्रामीण लिहू की महानगरी? शेवटी माझ्या लक्षात आलं की ज्याला माझ्या अर्जात सहज बसता येतं असा लेखक जिल्ह्यात एकच आहे: आमचे सेक्रेटरी. तालुका नगर, प्रकार कविता.

हे लक्षात आल्यावर मी अर्ज फाडायला हवा होता. मी एक रकाना वाढवला. बँकेत ज्या रकमेचं डोकं-शेपूट कळत नाही ती सस्पेन्स किंवा संड्रीला टाकतात आणि मग निवांत झोपतात. मी चौथा विभाग काढला: संकीर्ण. वेळ, दुसऱ्या दिवशी रात्री नऊ, भोजनोत्तर.

अर्ज घ्यायच्या शेवटच्या दिवशी माझ्या काउंटरशी एक बाई आली. पाथर्डीकडची, साठीच्या आत-बाहेर, बरोबर कॉलेजात जाणारा भाचा. मावशी ऊसतोडीला जायच्या. ओव्या रचायच्या, लिहिता येत नव्हतं, सगळ्या तोंडपाठ. अर्ज भाचा भरत होता, तो 'तालुका' वर अडला.

"मावशी, राहायला कुठे?"

"दसऱ्यापत्तुर मपल्या गावात, सायेब. मंग कारखाना नेईल तिकडं. पट्टा पडला का माघारी."

सहा महिने पाथर्डी, सहा महिने कोपी. आणि दर साली निराळा कारखाना. बरं, प्रकार काय लिहू? ग्रामीणवाले म्हणाले, आमच्याकडे कथाकथन आहे. स्त्री-साहित्याच्या परिसंवादात प्राध्यापिका बोलणार होत्या, विषय होता 'ओवीतील स्त्री'. त्यात स्वतः ओवी म्हणणारी बाई बसवायची सोय नव्हती. लोककलेत वाद्यवृंद लागत होता. मी बारीक अक्षरात 'संकीर्ण' लिहिलं आणि शिक्का मारला. पुढे २०२५ च्या दिल्लीच्या संमेलनाला तारा भवाळकर अध्यक्ष झाल्या, लोकसाहित्यात आयुष्य घालवलेल्या विदुषी, तेव्हा टी.व्ही.वर त्यांना पाहताना मला त्या शिक्क्याची आठवण झाली.

संमेलन कसं झालं ते फार सांगत नाही. उद्घाटन दोन तास लांबलं, परिसंवाद तीन तास लांबला, निमंत्रितांच्या कविसंमेलनात सेक्रेटरींच्या दोन कविता ठरल्या होत्या त्या पाच झाल्या. संकीर्णचे नऊ वाजायचे साडेअकरा झाले. तोवर ध्वनिक्षेपकवाल्याने वायरी गुंडाळल्या होत्या आणि मंडपवाल्याची पोरं खुर्च्या एकात एक घालत होती. मी पाठीमागे भोजनाच्या बिलांची बेरीज करत बसलो होतो. तिकडे आचाऱ्याकडच्या बाया पातेली घासत होत्या आणि मावशी त्यांच्यात बसून ओव्या म्हणत होत्या. एक ओवी कोयत्याला उद्देशून होती: बाबा, तू लोखंडाचा म्हणून बरा, तुला मुकादमाची उचल घ्यावी लागत नाही. तुम्हाला ठाऊक असेल, तिकडे नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात. दुसऱ्या ओवीत होतं की नवरा गेला त्या साली मुकादमाने माझा अर्धा कोयता मांडला. माझी बेरीज चुकली. पुन्हा केली, पुन्हा चुकली.

अहवालात 'वेळेअभावी संकीर्ण विभाग होऊ शकला नाही' असं वाक्य आहे. ते मीच लिहिलं. प्रत्येक सहभागी कलावंताला पाचशे रुपयांचं पाकीट होतं. पण जो विभाग झालाच नाही त्याचं व्हाउचर निघत नाही, हा नियमही मीच सेक्रेटरींना सांगितला होता.

चैत्रात पट्टा पडला आणि मावशी पासबुक भरून घ्यायला आल्या. मी खिशातून शंभराच्या पाच नोटा काढून पाकिटात घातल्या आणि पासबुकाबरोबर सरकवल्या.

"हे कशाचे, सायेब?"

"संमेलनाचे. तुमच्या ओव्यांचे."

"ओव्यांचे पैशे आस्त्यात व्हय?" त्या थोडा वेळ थांबल्या. मागे रांग वाढत होती. "त्या दिशीच्या यष्टीचं भाडं म्हना. ते घिते."

"बरं, भाडं."

त्यांनी पाकिटातून एक नोट काढली आणि चार माझ्याकडे परत सरकवल्या. "आमाला आर्धं तिकीट हाये आता. शंभराच्या आतच झालं. वरचे सुट्टे आसले तर द्या, न्हाईतर ऱ्हाऊ द्या."

माझ्याकडे सुट्टे नव्हते. त्या चार नोटा अजून माझ्या ड्रॉवरमध्ये पाकिटात आहेत. परवा ऑडिटरने पाकीट उचलून विचारलं, ही रक्कम कुठल्या खात्याची? मी म्हटलं, बघून सांगतो.