२०५९चा लेख, २०१९च्या अंकात

२७ मे २०१९ रोजी ‘द न्यूयॉर्क टाइम्स’ने एक वेगळी मालिका सुरू केली. दहा, वीस किंवा शंभर वर्षांनी वृत्तपत्राच्या मतांच्या पानावर कसले लेख येतील, ते आजच लिहून पाहायचे, अशी तिची कल्पना. मालिकेतला पहिला लेख विज्ञानकथाकार टेड चँग यांचा होता: ‘इट्स २०५९, अँड द रिच किड्स आर स्टिल विनिंग’. हे लिखाण काल्पनिक आहे, अशी सूचना संपादकांनी सोबत दिली होती. ती झाकून लेख वाचला, तर यात कथा कुठे आहे, असा प्रश्न कुणालाही पडेल. प्रसंग नाही, संवाद नाही, नावानिशी एकही माणूस नाही. आहे तो फक्त एका जाणत्या स्तंभलेखकाचा थंड, मुद्देसूद युक्तिवाद. आणि तरीही ही अस्सल विज्ञानकथा आहे.

लेखाचं निमित्त आठवडाभरापूर्वीच्या एका बातमीचं. पंचवीस वर्षांपूर्वी एका दानशूर उपक्रमाने ५०० गरीब जोडप्यांना, होणाऱ्या मुलांची बुद्धी जनुकबदलाने वाढवून घेण्याची संधी फुकट दिली. तोवर ही सोय फक्त पैसेवाल्यांना परवडत होती. आता त्या मुलांचं पुढे काय झालं, याचा अहवाल आला आहे. बहुतेकजण पदवीधर झाले, पण नामांकित विद्यापीठांत फार थोडे पोहोचले आणि बऱ्या पगाराची नोकरी त्याहूनही थोड्यांना मिळाली. नेमका तोच जनुकबदल विकत घेतलेली श्रीमंतांची मुलं मात्र कंपन्यांत वरच्या खुर्च्यांवर बसू लागली आहेत.

चँग यांची खुबी आहे ती वृत्तपत्री लेखाची एक सवय हेरण्यात. वाचकाला जे ठाऊकच आहे ते अशा लेखात कुणी समजावून सांगत बसत नाही. बुद्धीशी संबंधित ८० जनुकं बदलली की बुद्ध्यांक साधारण १३०वर जातो, ही या जगातली सगळ्यात चकित करणारी गोष्ट. ती चँग दोन-तीन वाक्यांत उरकतात. आनुवंशिक आजारांवरचे जनुकोपचार सरकारी आरोग्ययोजनेतून गरिबांनाही मिळतात, हे तर जाता जाता येतं. दुसऱ्या एखाद्या लेखकाने इथे प्रयोगशाळा उभी केली असती, झपाटलेला शास्त्रज्ञ आणला असता, पहिल्या बाळाचा जन्म रंगवला असता. इथे तो चमत्कार कधीच शिळा झाला आहे. स्तंभलेखकाला घोर आहे तो आपल्याही ओळखीच्या गोष्टींचा: कोणत्या वस्तीत जन्मलात, शाळा कशी होती, घरात पैसा किती होता. जे नवं ते ओझरतं आणि जे जुनं ते ठळक, या उलट्या मांडणीतच कथा दडलेली आहे.

आता थोडा हिशेब करू. २०५९मधून पंचवीस वजा केले की २०३४ उरतात. म्हणजे २०१९च्या वाचकापासून हा प्रकल्प जेमतेम पंधरा वर्षांवर आणि श्रीमंतांचा जनुकबाजार त्याहूनही अलीकडे. हा आकडा लेखात कुठेही छापलेला नाही. तो वाचकाने मनातल्या मनात काढायचा आहे. त्या वाचकाच्या डोक्यात दोन बातम्या ताज्या होत्या. नोव्हेंबर २०१८मध्ये चीनच्या हे जियानकुई यांनी जनुकं संपादित केलेल्या जुळ्या मुली जन्मल्याचं जाहीर केलं होतं. मार्च २०१९मध्ये अमेरिकेत बड्या पालकांनी पैसे चारून मुलांना नामांकित विद्यापीठांत घुसवल्याचं प्रकरण बाहेर आलं होतं. या दोन बातम्या शेजारी ठेवल्या की चँग यांचं भविष्य फारसं लांब राहत नाही.

युक्तिवादाची चालही पाहण्याजोगी आहे. प्रकल्प का फसला, याची वंशवाद्यांनी दिलेली कारणं आणि कटाच्या कहाण्या स्तंभलेखक आधी बाजूला सारतो. मग मूळ दुखण्यावर बोट ठेवतो: बुद्धीचं चीज करणारा समाज असेल तरच वाढलेल्या बुद्धीचा उपयोग, आणि अमेरिका तसा समाज नाही. त्यानंतर येते एक बारीक, खोचक नोंद. श्रीमंत पालक मुलांसाठी बुद्धीसोबत उंचीही विकत घेतात. उंच माणूस पुढारी म्हणून लोकांच्या डोळ्यांत अधिक भरतो, हे तर जगजाहीर. तेव्हा ही नवी पिढी वर चढली ती बुद्धीमुळे, उंचीमुळे की बापाच्या ओळखींमुळे? एवढ्याशा तपशिलाने ‘गुणवत्ता’ नावाच्या इमारतीचा पाया हलतो. एक मोठी व्यंगकथा इथे चिमटीत सामावली आहे.

लेखाच्या रूपातली कथा चँग यांनी पूर्वीही लिहिली होती. २००० साली ‘नेचर’मध्ये आलेल्या त्यांच्या एका छोट्या कथेला विज्ञानपत्रिकेच्या संपादकीयाचं रूप आहे. मानवापलीकडे गेलेल्या बुद्धिमंतांनी विज्ञान इतकं पुढे नेलंय की साध्या माणसांना त्याचा अर्थ लावत बसणं तेवढं उरलंय. तिथे बुद्धीतली दरी खरी होती; २०१९च्या लेखात दरी पैशाची आहे आणि तिला बुद्धीचं नाव दिलं जातं. एकोणीस वर्षांत लेखकाची नजर मेंदूवरून समाजाकडे वळली, असं मी या दोन कथा एकत्र वाचतो.

उणीव म्हणायची तर शेवटच्या भागात बोध फार उघड होतो. घरं, शिक्षण, रोजगार, सगळीकडची विषमता हटवा, हे सांगताना कथाकार मागे पडतो आणि अग्रलेख उरतो. मला त्याहून बोचते ती दुसरी गोष्ट. ती ५०० मुलं आता चोविशी-पंचविशीची आहेत, हुशार आहेत, आपल्या वाट्याला काय आलं हे त्यांना चांगलं कळत असणार. पण त्यांच्यापैकी एकालाही लेखात तोंड उघडायला मिळत नाही. त्यांच्या वतीने बोलतो तो मोठ्या वृत्तपत्रात जागा मिळालेला माणूस. हा लेखकाचा सुटलेला धागा की मुद्दाम मारलेली मेख, हे ठरवता येत नाही. मी ती मेख मानतो, कारण तसं वाचलं की स्तंभलेखकही त्याच व्यवस्थेचा भाग होऊन बसतो.

मराठी वाचकाला हा मजकूर परका वाटू नये. दहावी-बारावीच्या निकालानंतर परिस्थितीवर मात केलेल्या मुलांच्या बातम्या आपल्याकडे दरवर्षी छापून येतात आणि आपण त्या कौतुकाने वाचतो. परिस्थितीच बदला, असं त्या बातम्या सहसा म्हणत नाहीत. जन्माच्या आधाराने माणसांची उतरंड लावायची आणि तीच निसर्गाची रचना म्हणून खपवायची, हेही आपल्याला कुणी शिकवायला नको. चँग यांच्या लेखात जनुकांवर आधारलेल्या नव्या जातिव्यवस्थेचा उल्लेख येतो, तेव्हा अमेरिकी वाचकाहून आपले कान लवकर टवकारतात.

लेखातली सर्वांत मोलाची कल्पना शेवटाकडे येते. असा प्रकल्प पुन्हा करा, पण इलाज म्हणून नको, तपासणी म्हणून करा, असं स्तंभलेखक सुचवतो. ठरावीक वर्षांनी काही गरीब मुलांना तीच बुद्धी फुकट द्यायची आणि ती श्रीमंतांच्या मुलांइतकी पुढे जातात का, ते पाहायचं. ज्या दिवशी जातील, त्या दिवशी समाज न्याय्य झाला असं मानायला जागा आहे. एवढ्या सूचनेने प्रयोगाखालचा जीव बदलतो: आता मुलं नाही, समाज तपासला जातो. पात्रं आणि प्रसंग यांच्या मदतीशिवाय, निव्वळ युक्तिवादाच्या जोरावर वाचकाचा दृष्टिकोन असा उलटा करता येतो, हे दाखवणं ही या छोट्या लेखाची मोठी कमाई आहे.