मॉर्मन इतिहास आणि बाहेरचे अभ्यासक : साधनांच्या दृष्टीनें विचार

पंथाचा इतिहास पंथीयांनीं लिहावा कीं परक्यांनीं, हा वाद जुना आहे. मॉर्मन पंथाच्या बाबतींत तो साधनांच्या कसोटीवर घासून पाहतां येतो, कारण इ. स. १८३० सालीं न्यूयॉर्क राज्यांत स्थापन झालेल्या या पंथाच्या दैनंदिन्या व पत्रव्यवहार विपुल उपलब्ध आहेत.

बाहेरच्यांत रिचर्ड बर्टन प्रथम घ्यावा. मुंबई इलाख्याच्या फौजेंत नोकरी केलेला हा प्रवासी १८६० सालीं सॉल्ट लेक सिटीस गेला, व पुढील सालीं त्याचा ग्रंथ निघाला. बहुपत्नीकत्व पाहून इतर प्रवाशांप्रमाणें तो खवळला नाहीं; त्यामुळें त्याची साक्ष मोलाची. परंतु त्याचा मुक्काम महिनाभराचाही नव्हता, हें विसरूं नये.

प्राचीन इतिहासाचा जर्मन पंडित एडुआर्ड मायर याचा ग्रंथ १९१२ चा. इतर धर्मांचा उगम दंतकथांत लोपला, येथें तो कागदोपत्रीं दिसतो, हें त्यानें ओळखलें व इस्लामाच्या उदयाशीं तुलना मांडली. दृष्टि व्यापक खरी. पण तिच्यांत मॉर्मन लोक उपमेय न राहतां उपमान झाले.

हा दोष जॅन शिप्स या मेथॉडिस्ट विदुषीच्या १९८५ च्या ग्रंथांत नाहीं. यहुदी धर्मांतून ख्रिस्ती धर्म निघाला, तशीच ही एक नवी धर्मपरंपरा होय, असा तिचा सिद्धांत. खरेंखोटें ठरविण्याचा आग्रह सोडल्यानें तिला पंथीयांचें मन वाचतां आलें. मात्र श्रद्धेची परीक्षा टाळली तरी कागदाची टाळतां येत नाहीं, असें आमचें मत आहे.

दोन उदाहरणें पुरेत. जोसेफ स्मिथ यानें १८३५ सालीं इजिप्ती पपायरस घेतले व १८४२ सालीं त्यांचें भाषांतर म्हणून 'बुक ऑफ अब्राहम' छापलें. त्यांतील तुकडे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानें १९६७ सालीं पंथास दिले. ते और्ध्वदेहिक लेख होत, असें बाहेरच्या तज्ज्ञांनीं ठरविलें. उपलब्ध तुकड्यांवरील अक्षरें भाषांतराशीं जुळत नाहींत, हें २०१४ सालीं पंथानेंही मान्य केलें. भाषांतर या शब्दाचा अर्थ मात्र तो व्यापक घेतो. येथें बाहेरची विद्या निर्णायक ठरली.

दुसरें उदाहरण उलट आहे. मार्क हॉफमन यानें १८३० चें म्हणून एक पत्र बाजारांत आणलें. त्यांत देवदूताच्या जागीं पांढरा सॅलॅमँडर होता. पंथांतले व बाहेरचे अनेक जाणते फसले. शंका घेतली ती जेराल्ड टॅनर यानें. पंथांत जन्मून तो पंथाचा कडवा टीकाकार झालेला. पत्र खरें ठरतें तर त्याचाच पक्ष बळावता. तरी त्यांतील मजकूर १८३४ च्या एका छापील पुस्तकाशीं जुळतो, हें त्यानें १९८४ सालीं दाखविलें. पुढें, १९८५ च्या ऑक्टोबरांत, हॉफमननें बाँबनें दोन जीव घेतले. सूक्ष्मदर्शकाखालीं बनावट शाईला भेगा दिसल्या. आणि १९८७ सालीं त्यानें गुन्हा कबूल केला.

तात्पर्य, परकेपणा हें प्रमाण नव्हे व आपलेपणा हा दोष नव्हे. आपल्या मताला सोयीचा कागद हातीं येतांच जो अधिक सावध होतो, तोच संशोधक. दप्तरें जमविणाऱ्या आमच्या वाचकांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें.