'निम्मी' म्हणजे नेमकी कोणती?

"कायिक पेशीत गुणसूत्रे पूर्ण, जननपेशीत निम्मी." शालान्त परीक्षेपर्यंत पोहोचलेल्या बहुतेक विद्यार्थ्यांना हे वाक्य पाठ असते. माणसाचे ४६ आणि २३ हे आकडेही ती न चुकता सांगतात, आणि 'फरक स्पष्ट करा' या प्रश्नाचे गुण मिळवतात. वाक्य चुकीचे नाही. पण जे सांगायला हवे तेच त्यातून निसटते, अशी माझी तक्रार आहे.

वरणगावला विद्यार्थ्यांशी बोलताना मी त्यांच्याच परिसरातले पीक घेतले. भुसावळ, यावल, रावेर हा केळीचा टापू. बसराई असो की ग्रँड नैन, फळात बी नसते. फळ आडवे कापले तर बारीक काळसर ठिपके दिसतात. ती वाढ न झालेली बीजांडे. लागवड होते ती मुनव्यांपासून, कंदांपासून किंवा टिश्यूकल्चरच्या रोपांपासून. मग बी का धरत नाही?

मी फळ्यावर लिहिले : केळीच्या कायिक पेशीत ३३ गुणसूत्रे. एक मुलगी चटकन म्हणाली, "सर, ३३चे निम्मे होतच नाहीत!" पाठ केलेल्या वाक्यातून हेच उत्तर निघते. मग मी दुसरा आकडा लिहिला : केशराच्या कायिक पेशीत २४. याचे निम्मे सरळ १२ होतात. तरीही केशराला बी धरत नाही. काश्मीरमध्ये त्याचे कंदच लावतात. आता मात्र वर्ग गप्प झाला.

प्रश्न निम्म्याचा नाही, जोडीचा आहे. रानटी केळीत ११ प्रकारची गुणसूत्रे प्रत्येकी दोन, म्हणजे २२ असतात, आणि तिच्या फळात टणक बिया असतात. अर्धसूत्री विभाजनात प्रत्येक गुणसूत्र आपला जोडीदार शोधते आणि जोडीतले एकेक दोन बाजूंना जाते. आपल्या बागेतल्या केळीत हीच ११ गुणसूत्रे प्रत्येकी तीन आहेत. केशरात ८ प्रकारची प्रत्येकी तीन. तिघांची वाटणी दोन घरांत सारखी होत नाही. एखाद्या जननपेशीत काही गुणसूत्रे दोनदा, काही एकदाच येतात, आणि असा बिघडलेला संच बहुधा निकामी ठरतो.

सूत्री विभाजनाला मात्र जोडीदार लागत नाही. प्रत्येक गुणसूत्र स्वतःची प्रत काढते आणि एकेक प्रत दोन्हीकडे जाते. मग ती ३३ असोत की २२. म्हणून केळीचे झाड जोमाने वाढते, मुनवेही फुटतात. पण प्रत्येक मुनवा आईची नक्कल असतो. जननपेशी तयार होताना जनुकांची जी नवी मांडणी होते, ती इथे होतच नाही. नुसत्या जोड्यांच्या वाटणीतून माणसात ८३,८८,६०८ प्रकारच्या जननपेशी संभवतात. केळीला ही सोय नाही. याची किंमत मोठी असते. 'ग्रो मिशेल' ही एके काळी जगाच्या बाजारात सर्वाधिक विकली जाणारी केळी पनामा मर रोगामुळे १९६०च्या सुमारास व्यापारातून जवळजवळ हद्दपार झाली. एक झाड बळी पडणारे असेल, तर सारी बागच तशी असते.

तेव्हा शिक्षकांना दोन सूचना. वाक्य असे बदलावे : "जननपेशीत प्रत्येक जोडीतले एकच गुणसूत्र जाते." आणि फळ्यावरच्या आकृतीत सगळी गुणसूत्रे एकाच रंगात न काढता आईकडून आलेली एका खडूने, वडिलांकडून आलेली दुसऱ्या खडूने काढावीत. मग आकृतीच बोलू लागते.

शेवटी खानदेशातल्या वर्गासाठी एक प्रश्न. देशी कापसाच्या कायिक पेशीत २६ गुणसूत्रे असतात, अमेरिकन कापसाच्या ५२. या दोघांचा संकर केला तर त्या झाडात किती गुणसूत्रे असतील? आणि त्याला सहजी सरकी धरेल का? उत्तरापेक्षा कारण विचारावे.