खणांचे घर

ग्वाल्हेरच्या नई सडकेवर बसून लाकडी वाड्यांविषयी लिहावे, हे वाचकांस काहीसे विसंगत वाटेल. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास येथे लष्कराचा तळ स्थिर केला, तेव्हा दक्षिणी मंडळींनी चौक, ओसरी, देवघर ही वाड्याची मांडणी बरोबर आणली; पण दगड हाताशी, म्हणून पुण्याचा सागवानी खांब येथे बहुधा पाषाणाचा झाला. मग वाड्याचे वाडेपण कशात, हा प्रश्न मला येथेच पडला.

पुण्याच्या विश्रामबाग वाड्याचा (१८०७) प्रेक्षक दर्शनी भागातील सुरूच्या खांबांपाशी थबकतो. नक्षी सुंदर आहे खरी. परंतु तिच्या स्तुतीत रचना विसरली जाते. गोमंतकातील चिऱ्यांच्या घरात भिंत छप्पर तोलते. पुणेरी वाड्याच्या अंतर्भागात तो भार मुख्यतः खांब आणि तुळया यांच्या सांगाड्यावर असतो. मधली भिंत केवळ आडोसा. दोन खांबांमधील अंतर म्हणजे खण, आणि घराचे मापही खणांतच सांगावयाचे.

हाच खण वाटणीपत्रांत शिरला, आणि तेथे घात झाला. ‘पूर्वेकडील तीन खण थोरल्याचे’ एवढे लिहून आम्ही वकील मोकळे होतो. तुळई काही त्या रेषेवर संपत नाही. एक भाऊ दुकानाचे दार रुंद करण्यासाठी आपल्या हद्दीतील खांब काढतो, आणि दुसऱ्याच्या माजघराचे छत खचते. १८९३ चा वाटणीचा कायदा अशा अविभाज्य घराच्या विक्रीची वाट दाखवितो. हिस्सेदाराने ते विकत घेण्याची मुभाही त्यात आहे. पण ज्याच्या गाठी पैका, त्यालाच ती उपयोगी.

एकत्र राखलेले घर पाहावयाचे तर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, डेडम येथे जावे. तेथील फेअरबँक्स घराण्याच्या घरात ओकचा सांगाडा आहे, मध्यभागी विटांचे धुराडे. लाकडाच्या वर्षवलयांवरून त्याचा काळ १६३७ ते १६४१ ठरतो. नक्षीचे नाव नाही. आठ पिढ्या नांदल्यावर, विसाव्या शतकाच्या आरंभी, वंशजांनी संस्था स्थापून घर अखंड तिच्या स्वाधीन केले.

आमच्या साध्या वाड्यांच्या तुळया मात्र जुन्या बाजारात येतात. टोकाच्या खाचा पाहिल्या, तर कोणता खांब कोठे बसत होता हे अजून कळते.