चितमपल्लींची पुस्तके वर्गात वाचताना

मारुती चितमपल्ली यांचा जन्म १९३२ सालचा, सोलापूरचा. वनखात्यातील नोकरीची वर्षे त्यांनी नवेगाव, नागझिरा, मेळघाट अशा रानांत काढली. २००६ साली सोलापुरात भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते आणि जून २०२५ मध्ये सोलापुरातच त्यांचे निधन झाले. शाळेच्या कपाटात त्यांचे एखादे पुस्तक बहुधा असतेच. प्रश्न आहे तो विज्ञानाच्या तासाला ते कसे वाचावे हा.

या लेखनाचे पहिले देणे म्हणजे शब्द. बगळ्यांच्या वीण-वसाहतीला ‘सारंगागार’, कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’ म्हटले की मुले ते विसरत नाहीत. ‘पक्षीकोश’ तर प्रत्येक शाळेत हवा. एकाच पक्ष्याची निरनिराळी नावे पाहताना, नावे लोकांनी निरीक्षणातून दिली आहेत हे मुलांच्या आपोआप लक्षात येते.

अडचण आहे ती पुढे. लेखकाने स्वतः पाहिलेले, आदिवासी सोबत्यांकडून ऐकलेले आणि जुन्या संस्कृत ग्रंथांत वाचलेले, हे तिन्ही धागे या लेखनात एकत्र विणलेले असतात. ललित लेख म्हणून त्यातच गोडी आहे. पण रानाची गूढता वाचून मूल भारावते आणि ‘हे कोणी पाहिले?’ असे विचारायचे राहून जाते. चातकाचेच पाहा. तो केवळ पावसाचे पाणी पितो, ही कविसंकेतातली समजूत. पावसाळ्याच्या सुमारास तो आफ्रिकेतून येतो, सुरवंट खातो आणि सातभाईच्या घरट्यात अंडी घालतो, हे निरीक्षण. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा कमी अद्‌भुत आहे काय?

म्हणून आमची सूचना अशी, की उतारा वाचून झाल्यावर फळ्यावर तीन रकाने आखावेत: पाहिलेले, ऐकलेले, वाचलेले. प्रत्येक विधान कोणत्या रकान्यात जाते ते मुलांनीच ठरवावे. ऐकलेले खोटेच असते असे नाही. ते तपासायचे बाकी असते, एवढेच.

दुसरी उणीव लेखकाची नव्हे, आपली आहे. ‘चकवाचांदण’ या आत्मकथनात सोलापूरचे बालपण भेटते. पण वाचकाच्या मनात घर करते ते विदर्भातले घनदाट जंगल. मग इथल्या मुलांना वाटते, निसर्ग दूर कुठेतरी असतो आणि आपल्याकडे आहे ते नुसते पडीक रान. याच माळासाठी १९७९ साली नान्नज परिसरात माळढोक अभयारण्य घोषित झाले. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर साधारणतः एकच अंडे घालते. नांगर, गुरे, कुत्री यांपैकी कशानेही ते गेले, की तो विणीचा प्रयत्न वाया जातो. आता हा पक्षी इथे दिसणेही दुर्मीळ झाले आहे. माळाला पडीक म्हणणे किती महागात पडते, ते यावरून कळावे.

रान कसे पाहावे हे चितमपल्लींनी शिकवले. माळाचे पुस्तक अजून लिहायचे आहे. त्याची पहिली पाने आपल्या विद्यार्थ्यांच्या निरीक्षण-वह्यांत लिहिली जावीत, तारीख आणि वेळ घालून.